ओळीवरचं बोट

भागवतनं आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली, आणि इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून एकही वाक्य पूर्ण ऐकलं नव्हतं. हे मला कधी कळलं, तर तो निवृत्त झाल्यावर. मलकापुरात मी विज्ञान शिकवायचो आणि तो प्रयोगशाळा परिचर होता. मी वर्गात शिरायच्या आत परीक्षानळ्या धुऊन स्टँडला लागलेल्या असायच्या, बाटल्या ज्या क्रमानं लागणार त्याच क्रमानं टेबलावर मांडलेल्या असायच्या. शिकवता शिकवता मी अडलो की मागून हळूच दोन शब्द यायचे, "सर, लिटमस…" बस, एवढंच. पुढचं मला आठवायचं आणि मी ते मुलांना अशा थाटात सांगायचो की विचारू नका. माझ्या निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ मला मिळालं. त्या शालीची घडी घालून पिशवीत भरून देणारा भागवतच होता.

माझ्यामागून दोन वर्षांनी तोही साठीला निवृत्त झाला. महिनाभरानं घरी आला आणि म्हणाला, "सर, मले आवाजाचं काम शिकाचं हाय."

"कोणाच्या आवाजाचं?" मी विचारलं.

"माह्याच…"

मला हसू आलं. मी काही संत माणूस नाही, हसू आलं की हसतो. म्हटलं, भागवता, तुझा आवाज आधी सापडू तर दे. तोही हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टेशन रोडवर फकीर मोहम्मदच्या दुकानात जाऊन बसला होता.

फकीर मोहम्मदच्या वडिलांचा भोंगे भाड्यानं देण्याचा धंदा. फकीरनं तो वाढवला आणि दुकानाच्या माळ्यावर रेकॉर्डिंगची खोली केली. खोली कसली, चारी भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, मधे एक माईक आणि एक स्टूल. आमच्या गावात लोकांना काहीही सांगायचं असलं की ते ऑटोवरच्या भोंग्यातून सांगतात. साड्यांचा सेल असो, पोलिओचा डोस असो, की कोणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार ते असो. पूर्वी माणूस ऑटोत बसून घसा फोडायचा. आता एकदाच फकीरच्या माळ्यावर बोलायचं आणि ऑटोवाला ते दिवसभर वाजवतो. फकीरचा जुना आवाजवाला मुलाकडे सुरतेला निघून गेला होता. भागवत दुकानात शिरला तो असा नेमक्या वेळी.

पहिल्या दिवशी फकीरनं त्याला साड्यांच्या सेलची जाहिरात वाचायला दिली. वाचून झाल्यावर कानाला हेडफोन लावून ऐकवली. भागवतनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा मी नाही."

"तुमीच हा, भागवतभाऊ," फकीर म्हणाला. "पन साड्या इकून राह्यले की लपवून राह्यले?"

दोष लगेच कळण्यासारखा होता. वाक्याची सुरुवात ठीक, मधे आवाज खाली, आणि शेवटचे तीन-चार शब्द गायब. ओठ हलायचे पण आवाज यायचा नाही. फकीरनं नाना उपाय केले. वाक्य उलटं, शेवटच्या शब्दापासून म्हणायला लावलं. गरम पाणी, ज्येष्ठमध, पोटावर हात ठेवून श्वास, सगळं झालं. भागवत सकाळी रेल्वे लाइनीच्या कडेनं फिरायला जायचा आणि मालगाडी जात असताना जाहिराती म्हणायचा. मालगाडी जिंकायची.

तरी फकीरनं हिय्या करून त्याला एक खरं काम दिलं. एका कॉलनीची पाण्याची टाकी धुवायची होती, उद्या नळाला पाणी येणार नाही एवढंच लोकांना सांगायचं. भागवतनं सांगितलं. 'नळाला पाणी' इथपर्यंत त्यानं चांगलं खणखणीत सांगितलं. पुढचं ऑटोच्या फटफटीत विरलं. दुसऱ्या दिवशी अर्धी कॉलनी ड्रम-बादल्या घेऊन कोरड्या नळापाशी बसली, आणि दुपारी कॉलनीचे सेक्रेटरी फकीरच्या दुकानात. फकीरनं त्यांची समजूत काढली, चहा पाजला, आणि ते गेल्यावर भागवतला शांतपणे विचारलं, "ही आदत कुठची हाय तुमची?"

तेव्हा भागवतनं सांगितलं की तो तरुणपणी पुस्तकवाला होता.

त्याचं गाव वडनेर भोलजी. गणपतीत गावातली पोरं नाटक बसवायची आणि भागवत नऊ वर्षं विंगेत पुस्तक घेऊन बसायचा. विसरलेल्या नटाला शब्द पुरवायचे, हे पुस्तकवाल्याचं काम. पण ते पुरवायचे कसे, तर दोन, फार तर तीन. तेही दबक्या आवाजात, कसलाही भाव न आणता. नटानं वाक्य उचललं की पुस्तकवाल्यानं तोंड मिटायचं. पुरं वाक्य म्हणाल तर पहिल्या रांगेला ऐकू जातं आणि नटाचं हसं होतं. म्हणजे जो पुस्तकवाला चांगला, त्याचं वाक्य कधीच पुरं होत नाही. भागवत फार चांगला पुस्तकवाला होता. पुढे शाळेत माझ्यासारखा नट मिळाला, त्यामुळे सवय मोडायचं कारणच पडलं नाही.

फकीरनं ते सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "भागवतभाऊ, आता तुमचं वाक्य उचलाले समोर कोनी नाही. एक मानूस डोयापुढं ठेवा. ज्याले तुमाले खरंच काही सांगाचं हाय, असा. त्याच्या कानात शेवटचा शब्द पडल्याबिगर हटू नका."

भागवतनं कोणाला डोळ्यांपुढे ठेवलं ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून वाक्यं पुरी होऊ लागली. सहा महिन्यांत ऑटोवर त्याचा आवाज गावभर फिरू लागला. मी भाजी घ्यायला निघालो की कोपऱ्यावरून भागवत मला लसीकरणाला बोलवायचा. मग फकीरच्या ओळखीतून गोष्टी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपचं काम आलं. तिथे नुसतं वाचून भागत नाही, सोंग घ्यावं लागतं. भागवतनं म्हातारा पाटील केला, कोल्हा केला, एक खाष्ट सासूसुद्धा केली. सासू ऐकून माझी बायको म्हणाली, हा माणूस इतकी वर्षं काचेच्या नळ्या कशाला धूत बसला?

मला ते लागलं, कारण त्याला नळ्या धुवायला सांगणारा मीच होतो.

मग पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी आठालाच, तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. चहा दिला तर तसाच ठेवला. फकीरनं नवी गोष्ट दिली होती, त्यात एक मुलगा बापाची माफी मागतो. भागवतला ते वाक्य जमत नव्हतं. शेपूट पुन्हा गळायला लागलं होतं.

"अरे, सासू जमते आणि माफी जमत नाही?" मी म्हटलं.

"सर, मी डोयापुढं कोनाले ठेवतो, तुमाले ठाव हाय? अर्जुनदादाले." आणि मग त्यानं जे सांगितलं, ते त्यानं आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.

अर्जुनराव त्याचा थोरला भाऊ, पाच वर्षांनी मोठा. नाटकात नायक तोच, आणि कामं वाटणाराही तोच. आवाज असा की विहिरीवर उभा राहून बोलला तर शिवारातल्या बायका माना वर करायच्या. शहाऐंशी साली गावातल्याच एका मास्तरांनी लिहिलेलं नाटक होतं. त्यात पोस्टमनचं काम होतं, दोन वाक्यांचं. भागवतला नऊ वर्षं सगळ्यांची कामं पाठ. त्यानं धीर करून ते मागितलं. अर्जुनराव सगळ्यांदेखत म्हणाला, "तुह्या आवाज म्हंजे डब्यातला भुंगा बे. तू पुस्तक धर." पोरं हसली. भागवतही हसला आणि त्यानं पुस्तक धरलं.

नाटक रंगलं. शेवटच्या प्रवेशात घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बापापुढे उभा राहून म्हणतो, "बाबा, चूक माझीच होती. एवढं बोलायला मला बारा वर्षं लागली." सगळं नाटक त्या वाक्यासाठी. अर्जुनराव तिथे उभा राहिला आणि वाक्य विसरला. नटाचं असं होतं. तो रीतसर दोन पावलं डाव्या विंगेकडे सरकला. तिथे भागवत दिव्याखाली पुस्तक उघडून बसलेला.

"माह्या समोर ओळ होती सर," भागवत म्हणाला. "मी सांगतलं नाही. मनात म्हनलं, पाचपर्यंत मोजतो अन् मंग देतो. पाच झाले. गोड लागलं. म्हनून अजून मोजले."

"किती?"

"ध्यानात नाही. मंग देल्ले शब्द. पन तोवर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. कोनी तरी वरडलं, अर्जुना, झोपला काय बे! त्याले आयकूच गेलं नाही."

पडदा पाडावा लागला. मास्तर पुस्तकवाल्यावर धावून आले. भागवतनं सांगितलं की दोन पानं एकदम पलटली गेली, ओळ सापडली नाही. मास्तरांनी हात उगारला, तेव्हा अर्जुनराव मधे पडला. म्हणाला, "त्याची काही चूक नाही. माह्यंच पाठ नव्हतं." त्यानंतर तो पुन्हा रंगमंचावर चढला नाही. भजनातही म्हणायचा, ते सोडलं. त्या आवाजानं पुढे बैल हाकले आणि मजुरांना हाका मारल्या. भावाशी मात्र वागणं जसंच्या तसं. भागवतची नोकरी लागली तेव्हा पेढे त्यानंच वाटले.

"त्याले काहीच ठाव नाही सर. अडतीस वर्षं मी सांगतो-सांगतो म्हनून राह्यलो."

आता मी माझ्यावर येतो. मी शिकलेला माणूस, आणि शिकलेल्या माणसाला साधं काही सुचत नाही. उठ, तासाभराचाही रस्ता नाही, आत्ता जा आणि पायावर डोकं ठेव, एवढं सांगायला हवं होतं. त्याऐवजी मला कल्पना सुचली. म्हटलं, तुला आता आवाज आलाय ना? मग तेच वाक्य रेकॉर्ड कर. अगदी नीट, नाटकात व्हायला हवं होतं तसं. आणि जाऊन त्याला ऐकव. ऐकलं की त्याला सगळं कळेल, तुला वेगळं तोंड उघडावं लागणार नाही. भागवतला ते फार आवडलं. मागे राहून काम होतंय म्हटल्यावर त्याला आवडणारच होतं.

तो रेकॉर्ड करू लागला. दसऱ्याला मला ऐकवलं, मला उत्तम वाटलं. तो म्हणाला, नाही सर, 'लागली' हलून राह्यलं. दिवाळीला दुसरं केलं. त्यात म्हणे 'चूक' शब्द खोटा वाटतो. मग सर्दी झाली. मग वडनेरला कापूस वेचणीची गडबड, दादाला आत्ता कशाला त्रास. मग संक्रांत. फकीर एकदा चिडून म्हणाला, "अहो, एवढ्या वेळात मानूस हज करून येते!" भागवत म्हणायचा, एकदाच ऐकवायचं आहे, कच्चं कसं नेऊ? आणि मी त्याला दुजोरा द्यायचो. मी म्हणायचो, प्रयोग पूर्ण झाल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नसतो. या वाक्याची मला आज शरम वाटते.

होळीच्या आठवड्यात एकदाचं त्याच्या मनासारखं झालं. वाक्य त्यानं फोनमध्ये घेतलं आणि मला म्हणाला, संगं चला. माझ्या स्कूटरवर आम्ही हायवेनं निघालो. वाटेत त्यानं दोनदा फोन काढून वाक्य आहे ना ते तपासलं. मागे बसून तो काहीतरी पुटपुटत होता.

अर्जुनराव अंगणात खाटेवर बसून हरभरा निवडत होता. पासष्ट ओलांडलेला, पण खांदे अजून रुंद. आम्हाला बघून तोंडभर हसला. मी म्हटलं, "नमस्कार अर्जुनराव, तब्येत काय म्हणते?" तो म्हणाला, "हाव, गहू निघाला. औंदा बरा हाय." मला वाटलं, त्याचं लक्ष नव्हतं. भागवत म्हणाला, "दादा, तुले एक आयकवाचं हाय." अर्जुनराव म्हणाला, "बसा ना, चहा ठेवते ते."

त्याची बायको गोजरबाई सूप बाजूला ठेवून पुढे आली. "त्यायले आयकू येत नाही, सर. संक्रांतीपासून पार गेलं. त्याच्या आंधी डाव्या कानाजवळ जोरात बोललं त येत होतं. डाक्टर म्हनते, आता मशीनचाही उपेग नाही. तोंडाकडं पाहून अंदाजानं बोलतात."

"मले काऊन नाही सांगतलं, वहिनी?" भागवत म्हणाला.

"तुमी लग्नाकार्यात भेटता, भाऊजी. तिथं कोन कोनाचं आयकते? अन् हे म्हने, सांगू नोको, थो उगाच धावत इन."

संक्रांतीपासून. मी मनात हिशेब केला आणि करू नये असं वाटलं. पोळ्याला आलो असतो तर डाव्या कानात ते वाक्य गेलं असतं. दसऱ्याला गेलं असतं. दिवाळीलाही गेलं असतं. 'लागली' हलत असतं तरी गेलं असतं.

भागवतनं तरीही फोन काढला. आवाज मोठा केला आणि भावाच्या डाव्या कानाला लावला. मला ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं, गोजरबाईलाही आलं. अर्जुनराव फोन धरून मान हलवत राहिला, पाहुण्यानं आणलेली वस्तू छान आहे म्हणतात तसा. मग फोन परत देत म्हणाला, "नवा घेतला का? चांगला हाय."

भागवत त्याच्यासमोर उभाच होता. मग त्यानं फोन खाटेवर ठेवला. डावा हात पुढे केला आणि पुस्तकासारखा उघडा धरला. उजव्या हाताचं बोट त्या तळव्यावर एका जागी टेकवलं. तोंड घट्ट मिटलं. आणि तसाच भावाकडे बघत राहिला.

अर्जुनराव त्या बोटाकडे बघत होता. हरभऱ्यातला त्याचा हात थांबला.

"मले माहीत हाय," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा आवाज चढतो, तसा चढलेला, पण त्यात अजून तो जुना आवाज होता. "मी तवाच पाह्यलं होतं. तुह्यं बोट ओळीवर होतं. पान नव्हतं पलटलं."

भागवतच्या तोंडून "मंग…" एवढंच निघालं.

ते अर्जुनरावला ओठांवरून कळलं. "मंग काय? म्या तुले सगळ्या पोरायसमोर भुंगा म्हनलं होतं. चूक माहीबी होती. वाटलं, तू आज ना उद्या येशीन, दोघंबी बोलून टाकू. तू आलाच नाही बे. नोकरी लागली, वाटलं आता सांगशीन. तुह्यं लगन झालं, वाटलं आता. मंग इचारायची मलेच लाज वाटाले लागली." त्यानं मग खाटेवर हात आपटून जागा दाखवली. "आता आला, त आयकाले कान नाही."

मी तोंड फिरवलं. मला रडू येत होतं, आणि त्या अंगणात माझा रडण्याचा हक्क सगळ्यांत कमी होता.

भागवत खाटेवर बसला. अर्जुनरावनं त्याची मान हातानं धरून स्वतःकडे वळवली आणि विचारलं, "काय वाक्य होतं बे ते? मले अजूनबी आठवत नाही. शेतात कितीक डाव म्हनून पाह्यलं. येतच नाही."

भागवतनं ते म्हटलं. मालगाडीशी झुंजून कमावलेल्या आवाजात म्हटलं. 'बाबा'च्या जागी 'दादा' म्हणाला, आणि बाराच्या जागी अडतीस. एकही शब्द गळला नाही. शेजारच्या घरातून एक बाई काय झालं म्हणून बाहेर आली.

अर्जुनराव त्याच्या ओठांकडे डोळे बारीक करून बघत होता.

"सुरुवात समजली," तो म्हणाला. "शेवटचं नाही समजलं. अजून एकडाव म्हन."

भागवत आणखी जवळ सरकला आणि पहिल्यापासून म्हणू लागला.